अन्ननलिकेतील ‘बॅरेट’ : धोका किती, धास्ती किती?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सोमवारी सकाळी दवाखाना उघडायच्या आधीच गुरुजी बाहेरच्या बाकावर येऊन बसले होते. मला चौथीत गणित शिकवलेले हे गुरुजी. वय ६८. हातात दोन पिशव्या. एकीत दुर्बीण तपासणीचे कागद आणि दुसरीत शेताचे सातबारा उतारे. कागद माझ्यापुढे सरकवून म्हणाले, “खरं काय ते सांग. किती दिवस आहेत? म्हणजे पोरांची वाटणी करून मोकळा होतो.”

गुरुजींना सात-आठ वर्षांपासून छातीत जळजळ होत असे. रात्री आडवे झाले की घशाशी आंबट पाणी येई. पुड्या, सोडा, थंड दूध असे घरगुती उपाय चालू होते. शेवटी मुलाने शेजारच्या शहरात नेऊन दुर्बीण घालून घेतली. अहवालात लिहिले होते : बॅरेट्स इसोफेगस, लांबी ३ सेंमी., लो ग्रेड डिसप्लेसिया. मुलाने मोबाईलवर शोधले, तेव्हा समोर आले ‘कर्करोगाची पूर्वावस्था’. त्या दिवसापासून घरात कोणी धड जेवलेले नव्हते.

गुरुजींच्या परवानगीने, गाव आणि नाव न सांगता, त्यांची हकीकत येथे देत आहे. कारण असे कागद घेऊन येणाऱ्यांची संख्या अलीकडे वाढली आहे. दुर्बीण आता तालुक्याच्या गावीही आली. अहवाल हाती पडतो, पण त्याचा अर्थ समजावून सांगायला कोणाला वेळ नसतो.

आधी ‘पूर्वावस्था’ या शब्दाविषयी. हा शब्दच घोटाळा करतो. बाल्यावस्थेनंतर तारुण्य यायचेच, तशी पूर्वावस्थेनंतर पुढची अवस्था यायचीच, असे ऐकणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात ही गोष्ट आंब्याच्या मोहोरासारखी आहे. झाड मोहोराने लदलेले असते, पण त्यातली फारच थोडी फळे धरतात. बाकीचा मोहोर गळून जातो. कोणता धरेल आणि कोणता गळेल, हे आधी ओळखता येते का, एवढाच काय तो प्रश्न आहे. वैद्यकशास्त्र गेली तीस-चाळीस वर्षे त्याच्याच मागे लागले आहे.

आपली अन्ननलिका म्हणजे घशापासून जठरापर्यंत जाणारी सुमारे २५ सेंमी. लांबीची स्नायूंची नळी. तिच्या आतले अस्तर चपट्या पेशींच्या थरांचे, आपल्या ओठांच्या आतल्या त्वचेसारखे असते. घास सरकायला ते उत्तम, पण आम्ल सोसायला ते बनलेले नाही. जठराचे अस्तर निराळ्या, उंच उभ्या पेशींचे असते आणि ते आम्लात सुखाने नांदते. दोहोंच्या मध्ये स्नायूंची एक चुंबळ असते. ती ढिली पडली की आम्ल आणि पित्त वर येते. वर्षानुवर्षे असे होत राहिले की काही जणांत खालच्या भागातले चपट्या पेशींचे अस्तर नाहीसे होते आणि त्या जागी आतड्यासारख्या उभ्या पेशी उगवतात. दुर्बिणीतून मूळचे अस्तर फिकट पांढुरके दिसते आणि हा बदललेला पट्टा तांबूस-गुलाबी. शेतात पाणी साचू लागले की ज्वारी जाऊन लव्हाळा येतो, तसा हा प्रकार. शरीराने केलेली ती एक तडजोडच असते. मात्र तडजोडीत आलेल्या या पेशी मूळच्या पेशींइतक्या स्थिर नसतात.

ज्यांचे नाव या विकाराला मिळाले ते नॉर्मन बॅरेट हे लंडनमधील शल्यविशारद. जन्म ऑस्ट्रेलियातला, १९०३ चा. गंमत अशी की १९५० साली त्यांनी या अवस्थेविषयी लिहिले, ते चुकीचे होते. तांबूस अस्तराचा हा भाग अन्ननलिका नसून छातीत ओढले गेलेले जठरच आहे, असे त्यांचे म्हणणे होते. १९५३ मध्ये ॲलिसन आणि जॉनस्टन या दोघांनी दाखवून दिले की ही अन्ननलिकाच आहे, फक्त तिचे अस्तर बदलले आहे. १९५७ साली बॅरेट यांनी आपले मत बदलले. नाव मात्र त्यांचेच राहिले. आपली चूक छापील स्वरूपात मान्य करणारे डॉक्टर आजही थोडेच भेटतात, म्हणून मला या गृहस्थांविषयी आदर वाटतो.

आता गणिताकडे वळू. हे गणित मी गुरुजींना कागदावर मांडून दाखवले.

पूर्वी असे समजत की बॅरेट असलेल्या दर २०० माणसांमागे वर्षाला एकाला कर्करोग होतो. डेन्मार्कमध्ये प्रत्येक नागरिकाची आरोग्याची नोंद ठेवली जाते. तेथील ११,०२८ बॅरेटच्या रुग्णांच्या नोंदी तपासून २०११ साली जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात हे प्रमाण वर्षाला ०.१२ टक्के निघाले. म्हणजे हजार माणसांत वर्षाला साधारण एक. त्याच अभ्यासात असेही म्हटले आहे की सर्वसामान्य माणसापेक्षा हा धोका ११ पट आहे. दोन्ही वाक्ये खरी आहेत. पण ‘११ पट’ ऐकले की माणूस वाटणीपत्र लिहायला बसतो आणि ‘हजारात एक’ ऐकले की चहा मागवतो. मूळचा आकडाच इतका लहान आहे की ११ पट होऊनही तो लहानच राहतो. वर्तमानपत्रात ‘अमुक पट धोका’ असे वाचाल तेव्हा ‘कशाच्या पट?’ हा प्रश्न अवश्य विचारा. (आमच्या याच पानालाही विचारा!)

पण हजारातला तो एक कोण? सगळ्यांचा धोका सारखा नसतो. ज्या तुकड्यात पेशींची ठेवण बिघडू लागलेली दिसते, त्याला डिसप्लेसिया म्हणतात. आपण ‘पेशींची बेशिस्त’ म्हणू. वर्गात पोरे नुसती चुळबुळ करत असली तर ती सौम्य बेशिस्त. बाकांवर उभी राहून दंगा करू लागली तर ती तीव्र. अजून वर्गाबाहेर मात्र कोणी पडलेले नाही. भिंत फोडून पेशी खोल शिरल्या की त्याला कर्करोग म्हणायचे. तीव्र बेशिस्त असेल तर वर्षाला शंभरात सहाच्या आसपास लोकांना कर्करोग होतो. तेथे वाट पाहत बसत नाहीत, लगेच उपचार करतात.

याशिवाय आणखी काही गोष्टी मोजाव्या लागतात. २०१८ साली एका संशोधक गटाने २,६९७ रुग्णांच्या माहितीवरून एक सोपी गुणपद्धत तयार केली. पुरुष असल्यास ९ गुण. धूम्रपान केले असल्यास ५. बदललेल्या पट्ट्याच्या दर सेंटीमीटरला १. आणि सौम्य बेशिस्त खात्रीने आढळली असेल तर ११. बेरीज १० पर्यंत आली तर धोका कमी, ११ ते २० मध्यम आणि २० च्या वर जास्त. कमी गटात तीव्र बेशिस्त किंवा कर्करोग होण्याचे प्रमाण वर्षाला ०.१३ टक्के, मध्यम गटात ०.७३ टक्के आणि जास्त गटात २.१ टक्के निघाले. समजा, कधीही धूम्रपान न केलेली एखादी बाई आहे, पट्टा २ सेंमी. आणि तुकड्यात बेशिस्त नाही. तिची बेरीज फक्त २. तिने झोप उडवून घेण्याचे कारण नाही.

(या पद्धतीत जुळवलेले रुग्ण प्रामुख्याने अमेरिकेतले. त्यात आपली विडी नाही, सिगारेट आहे. मी माझ्यापुरते विडीलाही पाच गुण लावतो. शास्त्रात ते कोठे छापलेले नाही, पण धूर तो धूरच.)

गुरुजींची बेरीज अशी आली. पुरुष, ९. नोकरीत असताना वीस वर्षे सिगारेट, ५. पट्टा ३ सेंमी., म्हणून ३. सौम्य बेशिस्त, ११. एकूण २८. गुरुजींनी बेरीज स्वतः पुन्हा करून पाहिली आणि गप्प झाले.

मी त्यांना म्हटले, “गुरुजी, यातले अकरा गुण अजून पक्के नाहीत.”

या सगळ्या प्रकरणातली महत्त्वाची गोष्ट येथे आहे. सौम्य बेशिस्त ओळखणे हे सूक्ष्मदर्शकाखालचे अत्यंत अवघड काम आहे. आम्लाने सुजलेल्या, लाल झालेल्या अस्तरातल्या पेशीही तशाच विस्कटलेल्या दिसतात. नेदरलँड्समध्ये १४७ रुग्णांच्या तुकड्यांवर ‘सौम्य बेशिस्त’ असा शिक्का बसला होता. तेच तुकडे या विषयात मुरलेल्या तज्ज्ञांनी पुन्हा पाहिले, तेव्हा १०० पैकी ८५ जणांचा शिक्का चुकीचा किंवा संशयास्पद ठरला. हा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्या ८५ जणांत पुढे बिघाड होण्याचे प्रमाण वर्षाला अर्ध्या टक्क्याच्या आसपास निघाले. मात्र ज्या १५ जणांचा शिक्का कायम राहिला, त्यांच्यात ते वर्षाला १३ टक्क्यांहून अधिक होते. एकच शब्द, पण दोन अगदी निराळे नशीब! म्हणून सौम्य बेशिस्तीचा अहवाल आला की तो दुसऱ्या, शक्यतो पोटाच्या विकारांत विशेष अनुभव असलेल्या पॅथॉलॉजिस्टकडून तपासून घ्यायचाच, असा आता सर्वत्र संकेत आहे. पी-५३ नावाच्या प्रथिनाचा रंग देऊनही मदत होते. पेशींच्या वाढीवर पहारा ठेवणारे हे प्रथिन बिघडलेले दिसले, तर धोका जास्त समजावा.

हे सांगताना मला माझीच एक चूक आठवते. पुष्कळ वर्षांपूर्वी अशाच अहवालावर विसंबून मी एका दुकानदाराला धोका फार मोठा असल्याचे सांगितले होते. दुसरे मत घ्यावे हे मला सुचले नाही. त्या गृहस्थाने चालते दुकान विकले. तो आजही ठणठणीत आहे आणि रस्त्यात भेटला की मी दुसरीकडे पाहतो.

वाचकांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. तुकडा काढला की तो मेणाच्या ठोकळ्यात बसवतात आणि त्याच्या पातळ चकत्या काचेवर घेतात. हे ठोकळे आणि काचपट्ट्या प्रयोगशाळेत ठेवलेल्या असतात. दुसऱ्या मतासाठी त्या मागता येतात. पुन्हा दुर्बीण घालावी लागत नाही. पुष्कळांना हे ठाऊकच नसते आणि संकोचाने कोणी विचारतही नाही. गुरुजींच्या काचपट्ट्या आणि ठोकळे त्यांचा मुलगा जाऊन घेऊन आला व आम्ही ते मुंबईला पाठवले. तोवर आम्ल कमी करणारी गोळी दिवसातून दोनदा, जेवणाआधी अर्धा तास, अशी सुरू केली. सूज ओसरल्यावर पुन्हा तुकडे घेतले की चित्र स्वच्छ दिसते.

तुकडे घेण्याचीही रीत आहे. पट्ट्याच्या दर २ सेंमी.ला चारही बाजूंनी एकेक तुकडा घ्यावा, असे ठरलेले आहे. घाईत एक-दोन तुकडे उचलले आणि ‘काही नाही’ असा अहवाल आला, तर त्याचा अर्थ ‘जेथून घेतले तेथे काही नाही’ एवढाच होतो.

समजा शिक्का कायम राहिला असता तर? तर उष्णतेने तो पट्टा जाळून टाकण्याचा उपचार आहे. दुर्बिणीतूनच करतात, छाती उघडावी लागत नाही. जळालेल्या जागी, आम्ल आटोक्यात ठेवल्यास, पुन्हा मूळचे अस्तर धरते. युरोपातील १३६ रुग्णांवर झालेला प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. सौम्य बेशिस्त पक्की ठरलेल्या या रुग्णांपैकी निम्म्यांवर हा उपचार केला आणि निम्म्यांवर फक्त नजर ठेवली. तीन वर्षांत नजर ठेवलेल्यांपैकी २६.५ टक्के लोकांचा आजार तीव्र बेशिस्तीपर्यंत किंवा कर्करोगापर्यंत गेला. उपचार केलेल्यांत हे प्रमाण १.५ टक्के होते. धोका आधी ओळखण्याचा खटाटोप कशासाठी, ते यावरून लक्षात यावे.

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, मग छातीत जळजळणाऱ्या प्रत्येकाने दुर्बीण घालून घ्यावी काय? मुळीच नाही. बॅरेट हा मुख्यतः पाश्चात्त्य, गोऱ्या, स्थूल, पन्नाशीपुढच्या पुरुषांचा विकार आहे. आपल्याकडे तो आढळतो, पण कमी. शिवाय नियमित दुर्बीण घालून जीव वाचतात का, यावरही वाद आहे. ब्रिटनमध्ये ३,४०० हून अधिक बॅरेटच्या रुग्णांपैकी काहींची दर दोन वर्षांनी आणि काहींची फक्त गरज पडली तरच तपासणी केली. निदान दहा वर्षे पाठपुरावा करून २०२५ साली निष्कर्ष आला, तो असा की दोन्ही गटांत मृत्यूच्या प्रमाणात फरक नाही. म्हणजे सरसकट सगळ्यांना दुर्बिणीखाली घालण्यापेक्षा, ज्याचा धोका जास्त त्याला निवडून काढणे शहाणपणाचे. केंब्रिजच्या रिबेका फिट्झजेराल्ड यांनी यासाठी एक युक्ती काढली आहे. दोऱ्याला बांधलेली गोळी गिळायची. जठरात तिचे आवरण विरघळते आणि आतला स्पंज फुलतो. दोरा ओढून तो बाहेर काढला की येताना अन्ननलिकेतल्या पेशी पुसून आणतो. ही सोय आपल्या गावात येईल तेव्हा येईल.

आता आपल्या जिल्ह्याविषयी, आणि हे जरा रागाने लिहितो आहे. बॅरेटची चर्चा करता करता आपण आपल्या घरचे दुखणे विसरतो. भारतात अन्ननलिकेचे बहुतेक कर्करोग बॅरेटमधून येत नाहीत. ते मूळच्या चपट्या पेशींच्या अस्तरातच होतात. त्याची कारणे आम्लात नाहीत. ती तंबाखू, विडी, दारू आणि सुपारीत आहेत. आपल्याकडे तव्यावर तंबाखू भाजून केलेली मिश्री बायका सकाळ-संध्याकाळ दाताला लावतात आणि तिचा रस गिळला जातो. पोरींना त्याची सवय आई आणि आजीकडून लागते. गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी आली. मिश्रीला मात्र कोणी व्यसन म्हणायलाही तयार नाही!

या दुसऱ्या प्रकारातही आधी बेशिस्त येते आणि तिचे आकडे बॅरेटपेक्षा कितीतरी भयंकर आहेत. चीनमधील हेनान प्रांतात लिनशियन नावाचा भाग या रोगासाठी कुप्रसिद्ध आहे. तेथे १९८७ साली दुर्बीण तपासणी झालेल्या ६८२ लोकांवर साडेतेरा वर्षे लक्ष ठेवले. ज्यांचे अस्तर निरोगी होते, त्यांच्यातही १०० पैकी ८ जणांना कर्करोग झाला. सौम्य बेशिस्त असलेल्यांत २४, मध्यम असलेल्यांत ५० आणि तीव्र असलेल्यांत ७४ जणांना. तेथील आहार, तेथील परिस्थिती निराळी, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे आपल्याला लावता येत नाहीत. पण चढती पायरी ध्यानात घ्यावी.

ही बेशिस्त साध्या दुर्बिणीत सहज निसटते. ती पकडायला आयोडिनचे द्रावण फवारतात. निरोगी पेशींत साखरेचा एक साठा असतो, तो आयोडिनने गडद तपकिरी होतो. बिघडलेल्या पेशींत तो साठा नसतो, म्हणून ती जागा फिकी राहते. औषध स्वस्त आहे. तोंडाचा किंवा घशाचा कर्करोग होऊन गेलेल्यांनी, लहानपणी चुकून ॲसिड किंवा कॉस्टिक सोडा पिऊन नळी आवळलेल्यांनी, तसेच अन्ननलिकेचे खालचे तोंड न उघडण्याचा जुना विकार असलेल्यांनी दुर्बीण तपासणीविषयी आपल्या डॉक्टरांशी जरूर बोलावे.

अतिगरम पेयांचेही तसेच. ६५ अंशांहून गरम पेये बहुधा कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली जाहीर केले. चहा बशीत ओतून, फुंकर घालून पिणाऱ्यांना आपण हसतो. मी आता हसणे सोडले आहे.

दोन्ही प्रकारांत एक लक्षण असे आहे की ते दिसल्यावर गुण मोजत बसायचे नाही. घास अडकणे. प्रथम भाकरी अडकते, मग भात, मग पाणी. माणूस काय करतो, तर भाकरी दुधात कुस्करून खाऊ लागतो आणि महिना दोन महिने घालवतो. घास अडकू लागला, वजन उतरू लागले, शौचाला काळी होऊ लागली, तर आठवड्याच्या आत दुर्बीण. जळजळ नाही म्हणून निर्धास्त राहू नये. बॅरेटमधून कर्करोग झालेल्या बहुतेक रुग्णांना आपल्याला बॅरेट होता हे आधी माहीतच नसते.

आणि ज्यांना बॅरेट आहे असे ठरले, त्यांनी गोळी मनाने बंद करू नये. तसेच कोठेतरी वाचून मनाने ॲस्पिरिन सुरू करू नये. ब्रिटनमध्ये २,५५७ रुग्णांवर झालेल्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आम्लाची गोळी जास्त मात्रेत आणि जोडीला ॲस्पिरिन दिल्याने फायदा दिसला हे खरे. पण ॲस्पिरिनने पोटात रक्तस्राव होऊ शकतो. ते कोणाला द्यायचे, हे डॉक्टरने ठरवावे.

गुरुजींच्या काचपट्ट्यांचा अहवाल नवरात्रात आला. ‘बॅरेट आहे. डिसप्लेसिया नाही. दाहामुळे झालेले बदल.’ पुढे फेब्रुवारीत, सहा महिने गोळी घेतल्यावर, पुन्हा दुर्बीण घातली आणि रीतीप्रमाणे चारी बाजूंनी तुकडे घेतले. तेव्हाही बेशिस्त आढळली नाही. अठ्ठावीसातून अकरा गेले, राहिले सतरा. मध्यम गट, वर्षाला हजारात सात. गुरुजींनी मान वर न करता विचारले, “म्हणजे दहा वर्षांत शंभरात सात. त्र्याण्णव जण सुटतात ना?” मी हो म्हटले.

पट्टा ३ सेंमी. असल्याने पुढची तपासणी तीन वर्षांनी. मधल्या काळात गोळी चालू, रात्रीचे जेवण साडेसातला, पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली दोन विटा. पुढच्या तपासणीची तारीख त्यांनी कालनिर्णयच्या मागच्या पानावर लिहून ठेवली आहे. सातबाऱ्याची पिशवी पुन्हा कपाटात गेली. थोरल्या मुलाने मात्र परवा सहज विचारले म्हणे, की वाटणीचे काय ठरले.